सतरा खुंट्यांची गोष्ट

सव्वीस वर्षं शाळेत मदतनीस म्हणून राबलेल्या त्या बाईंना मुलं ‘फौजदार मावशी’ म्हणायची. नाव काही उगाच पडलं नव्हतं. मधल्या सुट्टीत त्या नुसत्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या, तरी भांडणं मिटायची. शी-शू, शेंबूड, सांडलेला डबा, हरवलेला मोजा, सगळं मावशींच्या गळ्यात. शिक्षकांना मान आणि मावशींना फडकं, असा तो कारभार. त्यांनी कधी कपाळाला आठी पाडली नाही असं नाही. पाडली, रोज पाडली, पण काम टाकलं नाही.

निवृत्त झाल्यावर त्या दुसऱ्या शाळांतल्या मदतनीस बायकांना शिकवायला जाऊ लागल्या. ऑटिझम असलेलं लहान मूल वर्गात आलं, की त्याच्याशी कसं वागायचं, एवढाच विषय. कमी बोला. एक गोष्ट सांगा आणि मनातल्या मनात दहा मोजा. मागून जाऊन धरू नका. हनुवटी उचलून ‘बघ माझ्याकडे’ करू नका. “तोंड मिटून दहापर्यंत मोजणारी बाई मला अजून भेटायची आहे,” असं म्हणून त्या हशा पिकवायच्या.

आणि तिसऱ्या दिवशी, चहाच्या आधी, खुंट्यांची गोष्ट सांगायच्या.

पाच वर्षांचा एक मुलगा होता. वर्गाबाहेर दप्तरं अडकवायच्या सतरा खुंट्या होत्या. तो रोज एकेका खुंटीला बोट लावायचा आणि मगच आत जायचा. मध्ये कुणी अडवलं, की पुन्हा पहिलीपासून सुरुवात. एके दिवशी तपासणीला साहेब यायचे होते. घंटा होऊन गेली आणि हा आपला नवव्या खुंटीवर. मावशींनी मागून कमरेत हात घालून त्याला उचललं आणि वर्गात नेलं. तो चावला, किंचाळला, त्याने चौकटीवर डोकं आपटून घेतलं. त्याला लागू नये म्हणून मावशींनी त्याचे दोन्ही हात घट्ट दाबून धरले. आठवड्याभरात त्याचं नाव शाळेतून कमी झालं.

“हट्टी नव्हतं गं ते लेकरू,” मावशी शेवटी म्हणायच्या. “घाबरलेलं होतं. माझ्या डोक्यात हा उजेड पडायला दोन वर्षं गेली.”

इथे बायकांचे डोळे भरून यायचे. कुणी येऊन हात हातात घ्यायची. खरं सांगायचं तर मावशींना ते बरं वाटायचं. चारचौघींत चूक कबूल केली, की छातीवरचा धोंडा जरा सरकायचा. पण पुरता हलायचा नाही, कारण गोष्टीतला एक तुकडा त्या दरवेळी गिळून टाकायच्या. तो सांगितला, तर ह्याच बायका तोंड फिरवतील, ही त्यांना धास्ती होती.

यंदाच्या वर्गात शेवटच्या रांगेत एक चाळिशीची बाई होती. नुकतीच कामाला लागलेली. गोष्ट संपल्यावर तिने डोळे पुसले नाहीत. सगळ्या चहाला गेल्या तेव्हा ती मावशींपाशी आली.

“त्याला अजून सतराच लागतात,” ती म्हणाली. “मी घरी भिंतीला खिळे ठोकून दिलेत. बारा वर्षांचा झालाय आता.”

मावशींच्या तोंडचं पाणी पळालं. चार वर्षं त्या मुलाची गोष्ट सांगत होत्या, पण त्यालाही आई असेल आणि ती कधी समोर येऊन उभी राहील, हे डोक्यातच आलं नव्हतं.

“शाळेने मला सांगितलं, काही कारण नसताना अंगावर धावून गेला. तेवढंच. मी सात वर्षं एकच विचार करतेय. तुम्ही उचललंत, तेव्हा तो काही बोलला होता का?”

त्याला उचललं त्या दिवशी व्हरांड्यात तिसरं कुणीच नव्हतं. ‘नाही’ म्हटलं असतं, तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. मावशींच्या ओठांवर आलंही होतं. पण ती बाई इतकी नीट त्यांच्या तोंडाकडे बघत होती, की त्यांना खोटं बोलवेना. त्या बाकावर बसल्या.

“बोलला,” त्या म्हणाल्या. “‘नको’ म्हणाला. कमरेला हात लावला तेव्हा एकदा, आणि उचलल्यावर परत एकदा. मला स्पष्ट ऐकू आलं होतं. तरी मी नेला त्याला.”

आता ही शिव्या घालणार, आणि घालाव्यातच, असं समजून मावशी खाली मान घालून बसल्या. पण ती बाई त्यांच्याशेजारी बाकावर टेकली.

“त्याला बोलता येत नाही,” ती म्हणाली. “‘आई’सुद्धा नाही. मी अजून त्याच्या तोंडून एक शब्द ऐकलेला नाही.”

तिने मावशींकडे तोंड वळवलं.

“कसा म्हणाला? म्हणून दाखवा ना.”

आयुष्यभर खणखणीत हाका मारलेल्या त्या गळ्यातून मावशींनी अगदी बारीक आवाज काढला, शेवट जरासा लांबवून. “नकोऽ.”

ती डोळे मिटून ऐकत होती.

“आणि दुसऱ्यांदा?” तिने विचारलं.