अंजनाने तपासलेली पावडर

अंजना काल गेली. तिच्या रक्तात नेमकं काय बिघडलंय हे आम्हा दोघींना तोंडपाठ होतं.

तोंडपाठ असून काय उपयोग झाला, सांगा.

लोणखेड्याच्या कॉलेजात एमएस्सीला आम्ही एका बाकावर. मी शहाद्याची, ती नवापूरकडच्या डोंगरातली. सिकलसेल हा रक्ताचा आजार तिला जन्मापासून. होस्टेलवर राहून माझ्यापेक्षा फर्डी अहिराणी बोलायला लागली होती, वर मलाच चुका दाखवायची.

मागच्या वर्षी तिच्या गावात एक जण पावडर विकायला आला. शेंगांच्या झाडांच्या मुळांवरच्या गाठींतलं प्रोटीन, म्हणे "हुबेहूब माणसाच्या रक्तातल्यासारखं काम करतं." गोड बोलून डबे खपवले मेल्याने. तिच्या आईनेही घेतला.

अंजनाने प्रोजेक्टच त्यावर केला. ते गाठींतलं आणि माणसाचं हिमोग्लोबिन, दोन्ही प्रोटीन कॉम्प्युटरवर एकाखाली एक मांडली. आकार बराच जुळला, आतली अमिनो आम्लांची माळ फारच कमी. काम तर वेगळंच. आणि पोटात गेलं की ते साध्या डाळीसारखं पचून जाणार. दावा खोटा.

मग तिने निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आणि सिकलसेलचं शेजारी शेजारी लावलं.

सगळी माळ सारखी. एकच मणी वेगळा.

स्क्रीनकडे बघत म्हणाली, "दख, याना हिशोबमा तू आनि मी सारख्याच शेतस."

मी हसले. तीही हसली.

एवढं सगळं करून पोरगी सुट्टीत घरी गेली की तीच पावडर दुधातून प्यायची. मी चिडले. "तूच खोटी ठरवली ना?"

"माय गिलास हातमा दीसन समोर बसी ऱ्हास. तिले काय सांगू?"

दवाखान्याच्या गोळ्या चालूच होत्या, त्या कधी चुकवल्या नाहीत तिने. तरी या आठवड्यात ताप आला, छातीत दुखायला लागलं, श्वास पुरेना. डॉक्टरांनी खूप धडपड केली. मी नुसती बाहेर बाकड्यावर बसून.

आज मातीला गेले होते. तिच्या आईने मला बाजूला घेतलं. घरची भाषा वेगळी, माझ्याशी मोडक्या मराठीत बोलते.

"पावडर संपली होती. बाजारात जायला जमलं नाही. म्हणून गेली का ती?"

"नाही मावशी. त्या पावडरीने काहीच होत नव्हतं. अंजनानेच तपासलं होतं."



"मग कशाने बरी झाली असती, ते पण तपासलं का तिने?"

मी तिचा हात धरून उभी राहिले.

अंजना, श्रद्धांजलीचे मोठे शब्द मला जमत नाहीत. आता कुठे दुखणार नाही तुला. नीट जा, बाई.