उरलेलं तीर्थ

देवावरचा माझा विश्वास त्या आठवड्यात डळमळला होता, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या घरी दत्तगुरूंची उपासना वडिलांपासून आहे. गुरुवार कधी चुकला नाही, पूजा कधी राहिली नाही. आणि तरीही बेळगावच्या दवाखान्यातून परत येताना मी रिक्षात बायकोला म्हणालो, "आपलं काहीच चुकत नसताना हे होतंय. मग पूजा तरी कशाला करायची?" मांडीवर झोपलेल्या बाळीच्या तोंडावर ऊन येत होतं, तिथं तिनं पदर धरला.

बाळी माझ्या धाकट्या भावाची मुलगी. तिचं खरं नाव इथं लिहीत नाही. भाऊ आणि भावजय, दोघंही एचआयव्हीच्या आजारानं एकामागोमाग गेली. तो विषाणू आईकडून जन्मातच बाळीच्या रक्तात आला होता. आम्ही तिला पिरनवाडीच्या आमच्या घरी आणलं तेव्हा ती भिंतीला धरून चालत होती. आता पाच वर्षांची आहे. मला आप्पा म्हणते आणि बायकोला मोठी आई. या आजारावर लहान मुलांसाठी आता पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. रोज सकाळी न चुकता दिल्या तर विषाणू दबून राहतो आणि मूल इतर मुलांसारखं वाढतं, असं डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "फक्त एक दिवस पण सोडायचा नाही," त्या म्हणाल्या होत्या.

मी कारखान्यात ओतीव भागांची मापं तपासतो. केसाइतका फरक निघाला तरी नग बाजूला काढायचा, ही माझी नोकरी. त्यामुळं गोळ्या मोजायचं काम मी अंगावर घेतलं. दर रविवारी डबी ओतून मोजायचो. एकही गोळी कधी जास्त उरली नाही, कमी पडली नाही. असं असताना बाळीच्या रक्तातल्या विषाणूंची मोजणी सुरुवातीला थोडी उतरली आणि मग तिथंच अडून बसली. दुसऱ्या तपासणीतही तेच.

"तुमच्या गोळ्या बरोबर संपतात, वजनाप्रमाणं दिलेल्या पण बरोबर," डॉक्टरीणबाई कागद बघत म्हणाल्या. "तरी आकडा उतरत नाही. म्हणजे एकतर औषध पोटात पोचत नाही, नाहीतर विषाणू त्याला जुमानेनासा झालाय. तसं असेल तर औषध बदलावं लागेल. पण एवढ्या लहान मुलांना चालणारी औषधं थोडीच आहेत हो. संशोधन चाललंय, पण आज हातात आहेत ती थोडीच. जपून वापरायला लागतात."

औषध पोटात पोचत नाही, हे तर शक्यच नव्हतं. बाळी ते कशी घेते हे मला माहीत होतं. पहिले काही महिने ती गोळीचं पाणी थुंकून टाकायची. त्यातच शेजारची बाई एकदा विचारून गेली, "पोरीला रोज कसलं औषध देताय?" त्या प्रश्नानं आम्ही दोघं हादरलो. उद्या हे गल्लीभर झालं तर बाळीबरोबर कोण खेळेल, शाळेत तिच्याशेजारी कोण बसेल, याची धास्ती होती. मग बायकोनंच तोड काढली. पूजा झाली की तांब्याच्या लहान पंचपात्रात वेगळं तीर्थ घ्यायचं, त्यात गोळ्या विरघळवायच्या आणि पळीनं बाळीच्या तळहातावर घालायचं. तीर्थ म्हटल्यावर बाळी डोळे मिटून पिऊन टाकायची. तीर्थाबद्दल कुणी काही विचारतही नाही. कारखान्यात पहिल्या पाळीला जायचं असल्यानं मी त्या वेळी घरी नसायचो, रविवारी सकाळी बाजारात असायचो, पण ऐकून बायकोचं मला कौतुकच वाटलं होतं. औषधाला देवाचा हात लागतो, आणखी काय पाहिजे?

विषाणू औषधाला जुमानतो की नाही हे बघायला रक्त तपासणीला गेलं. निकाल यायला वेळ होता. बायको म्हणाली, "तोवर एकदा मूळ गावाकडं जाऊन येऊया." निपाणीजवळ, वेदगंगेच्या काठी आमच्या मूळ गावात दत्ताचं लहान देऊळ आहे. मला जायचं नव्हतं. देवाकडं बघायचंच मन होत नव्हतं. पण तिला एकटीला लेकरू घेऊन पाठवणं बरं दिसेना, म्हणून गेलो.

आदल्या दिवशी संध्याकाळी पोचलो आणि सकाळी देवळात गेलो. पूजा झाली, पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं. बायकोनं पंचपात्र सोबत आणलं होतं. औदुंबराच्या पाराआड जाऊन तिनं गोळ्या विरघळवल्या आणि बाळीच्या तळहातावर पळी घातली, एक, दोन, तीन. बाळीनं ते पिऊन हात डोक्यावरून फिरवला. मग बायको पंचपात्र घेऊन औदुंबराच्या मुळाकडं निघाली.

पारावर एक म्हातारी बसली होती. शेजारी पिशवी, पायात वेगवेगळ्या रंगाच्या दोन चपला. तिनं हात पुढं केला. "बाई, तीर्थ हाय न्हवं? मला बी घाल की वाईच."

बायको जागच्या जागी थांबली. मागितलेलं तीर्थ कुणाला नाही म्हणायचं नसतं, त्यातून दत्ताच्या दारात. तो कुठल्या रूपानं हात पुढं करील सांगता येत नाही, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेलं. आणि भांड्यात तर औषध. ती माझ्याकडं बघू लागली.

"काय गं, म्हातारीला एक पळी घालायला जीव वर-खाली हुतोय व्हय?" म्हातारी म्हणाली. "झाडाला घालाय निघालीस. झाड काय माझ्यापरास म्हातारं हाय?"

"तसं न्हाय आज्जी..."

"मग कसं?"

उत्तर बाळीनं दिलं. "आज्जी, ते माझं औषध हाय. उरलेलं हाय. घरात आम्ही तुळशीला घालतो."

म्हातारीनं हात मागं घेतला. "औषध? आणि तुळशीला? तुळशीला काय ताप आलाय व्हय गं?" ती हसली, मग बायकोला म्हणाली, "लेकराचं औषध लेकराला घाल, माझे आई. मला देवळातलं मिळंल."

मी पुढं होऊन पंचपात्र हातात घेतलं. आत अर्ध्याहून जास्त पाणी होतं. ते हलवलं तर भांड्याच्या तळाशी पिठासारखा पांढरा साका दिसला. गोळ्या मी मोजल्या होत्या. डबीतून बाहेर पडलेली गोळी पोटापर्यंत जाते की नाही, हे कधी बघितलं नव्हतं.

बायको रडू लागली. "तीर्थ तीनच पळ्या घेतात हो. उरलेलं मोरीत कसं ओतायचं? म्हणून तुळशीला..." तिचं तरी काय चुकलं होतं? तीर्थाचा एक थेंबही पुरा तीर्थच असतो, तिथं थोडं-जास्त असं काही नसतं. तोच हिशेब तिनं साध्या मनानं औषधाला लावला. बाळीनं ते सगळं पाणी तोंड वाकडं करत प्यायलं. मी भांडं थोड्या पाण्यानं विसळून तेही तिला दिलं. "आप्पा, हे लई कडू हाय," ती म्हणाली. म्हातारीनं पिशवीतून गुळाचा खडा काढून तिच्या तोंडात घातला.

बेळगावला आल्यावर डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. "भांडं विसळून ते पण पाजा, हे पहिल्या दिवशी सांगितलं होतं की," एवढंच म्हणाल्या. सांगितलं होतं. मी त्या दिवशी फक्त गोळ्या किती ते लक्षात ठेवलं होतं. मग म्हणाल्या, "अर्धवट औषधानं विषाणू सोकावला असेल, औषधाला जुमानत नसेल तर माझ्या हातात काही नाही. निकाल येऊ दे."

ते दिवस फार अवघड गेले. आमच्या हातून, आणि तेही देवासमोर, लेकराचं कायमचं नुकसान झालं असेल तर काय, हा विचार जेवतानाही सुटायचा नाही. निकाल आला तेव्हा बाईंनी आधी हसून बघितलं, मग कागद पुढं केला. विषाणू सोकावला नव्हता. तेच औषध पुढं चालू ठेवायचं होतं, फक्त पुरं. काही महिन्यांनी पुन्हा मोजणी झाली. रक्तात विषाणू सापडत नाही, इतका तो खाली गेला होता.

त्या दिवशी बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. पूर्वी मोठ्यांच्याच गोळ्या तोडून मुलांना द्याव्या लागायच्या, नाहीतर कडूजहर सिरप पाजावं लागायचं. ही विरघळणारी गोळी आली, कारण कुठल्या कुठल्या देशांतल्या आजारी लेकरांनी संशोधनात भाग घेतला, त्यांच्या माणसांनी पुन्हा पुन्हा रक्त काढून घ्यायला होकार दिला. किती वजनाला किती गोळ्या, हे त्यांच्या अंगावरून ठरलं. ती मुलं कोण, हे मला कधीच कळणार नाही. संध्याकाळी दिवा लावताना मी आता त्यांच्यासाठीही हात जोडतो.

पुढं आम्ही पुन्हा त्या देवळात गेलो. म्हातारी होती. शेजारच्या गावची, लेकीकडं जाताना बसची वाट बघत तिथं बसते, एवढंच तिच्याकडून कळलं. आम्हाला तिनं ओळखलंही नाही. मी वाकलो तर म्हणाली, "पाया कशाला पडतोस रं? गुडघं दाबून दे त्यापरास, तेच दुकत्यात." मी खरोखरच पारावर बसून तिचे गुडघे दाबून दिले. हा चमत्कार होता का, मी सांगू शकत नाही. एका म्हातारीला तीर्थ हवं होतं, तिनं मागितलं. पण तिनं नेमकं त्याच वेळी, आमच्याच पुढं हात केला, याला माझ्या हिशेबात जागा नाही. ती जागा मी मोकळी ठेवली आहे.

शरण जायचं म्हणजे सगळं देवावर सोडून स्वस्थ बसायचं, असं मी समजत होतो. आता तसं वाटत नाही. आम्ही दुखणं जगापासून झाकलं आणि झाकता झाकता आमच्याही नजरेआड केलं. जे आपण कुणालाच दाखवत नाही, ते देवाच्या पुढं तरी कुठं ठेवलेलं असतं? मागच्या महिन्यात बायकोनं तिच्या थोरल्या बहिणीला, आमच्या आक्कांना, बाळीच्या आजाराचं सगळं सांगितलं. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "गोळ्या कशा घालायच्या ते मला बी दाखवून ठेव. तुम्ही दोघं कुठं परगावी गेलासा तर?"

आणि बायकोनं त्यांना दाखवलं.