माझं डांबर वाळलं होतं

वैशाखात धरणाचं पाणी खाली गेलं का आमचे डोंगे वर येतात. काठावरच्या निंबाखाली आम्ही ते पालथे घालतो, आन् पाणी पुन्हा चढेपर्यंत आमचा मुक्काम त्यांच्या पाठीवर. मोताळ्याच्या बाजारात लोकाईले वाटते, या दिवसांत डोंगेवाले हात चोळत बसत असतील. मले विचारलं तर वर्षातले हेच दिवस सुखाचे. शिडाले ठिगळ लावायचं, जाळं विणायचं, पत्ते कुटायचे, आन् पाण्यावर जे जमलं नाही ते सावलीत बसून जमवायचं. माझ्या सगळ्यात मोठ्या मासळ्या मी निंबाखालीच धरल्या. दरसाल त्या वाढतात.

बसायचा आमचा एक कायदा हाये. ज्यानं त्यानं आपल्याच डोंग्याच्या पाठीवर बसायचं. ज्याचा डोंगा नाही त्यानं खाली. आन् ज्याचं डांबर आधी वाळलं, त्यानं पाणी चढल्यावर पहिला डोंगा लोटायचा. म्हणून त्या दिवसांत आमची चांगली शहाणी माणसं एकमेकाच्या डोंग्याले बोटं लावत फिरतात.

तो मान कितीक वर्षं माझाच होता. शाळा माझी दुसरीत सुटली. गावात मले कोणी कशात विचारत नाही, पण डांबरात विचारतात. उकळत्या डांबरात राळ टाकायची, म्हणजे ते कडक होते, आन् जवसाचं तेल नावापुरतं. हे सगळ्याईले मीच शिकवलं.

गेल्या उन्हाळ्यात माझा खांदा धरला. कुंचा पुढं सरकेना. डांबर पातळ असलं का कुंचा हलका चालते, म्हणून मी तेल थोडं जास्त ओतलं. मग अजून थोडं. डोंगा असा चमकला का त्यात मले माझ्या मिशा दिसल्या.

त्याच वक्ती भाचा मागं लागला होता. बहिणीचा पोरगा, पण त्यालेच आता पोरं झाली. माझ्या डोंग्यावर तोच संग असते. "मामा, औंदा मी मागं बसतो, तुम्ही पुढं बसा," म्हणे. आता मागं बसते त्याच्या हातात वल्हं आन् शिडाची दोरी. पुढं असते ते सामान. जाळं, डबा, माहेराले निघालेली एखादी बाई. मी सामान नव्हतो.

"डांबर वाळलं का तुमचं?" त्यानं चारचौघात विचारलं.

"केव्हाचंच."

"बोट लावून पाहू?"

"बोट काऊन लावतं बे? मी बसूनच दाखवतो. धोतराले डाग लागला तर औंदा तू मागं बस."

आन् बसलो.

जागा भल्ली मऊ लागली. समजायचं ते तेव्हाच समजलं. पण वाळलेल्या डोंग्यावरून कोणी लगेच उठत नाही, म्हणून मीही उठलो नाही. जराशानं उठून पाह्यलं, तर धोतर म्हणे तू जाय, मी राह्यतो.

लोक भाकर खायले उठले. मी म्हणलो, भूक नाही. जाळ्याचा धागा विकणारा चाचा मोताळ्याहून आला होता. माझ्याच वयाचा, पत्त्यातला माझा जुना भिडू. त्यानं खाली पोतं अंथरून पत्ते वाटले.

"या ना खाली, भाई."

"मी इथूनच खेळतो."

वाऱ्यानं माझा राजा उडून खाली पडला. मले वाकता येईना. चाचानं राजाकडं पाह्यलं, मग डोंग्याकडं, मग माझ्याकडं. जवळ येऊन हळूच म्हणे, "भाई, चिपक गये क्या?"

"काय बोलता, चाचा."

"अच्छा." राजा माझ्या हातात देऊन तो भला माणूस सगळ्याईले ऐकू जाईल असा बोलला, "क्या पक्का डांबर है."

कोणी हसलं नाही. त्यावरून मले कळलं का सगळ्याईले कळलं.

ऊन फिरलं, सावली मले सोडून चाचाकडं गेली. डांबर अजून मऊ झालं आन् मी अजून खोल. भाच्यानं मोबाइल काढला. "फोटो घेतो मामा. ऐटीत बसले तुम्ही." मी मिशा नीट केल्या.

उन्हं उतरता माझी बायको डबा घेऊन आली. जनमभर तिनं माझी धोतरं धुतली, तिले बोट लावायची गरज नाही. डोंग्याभोवती एक चक्कर मारली.

"उठा."

"बसतो जरासा."

"सकाळपासून जरासाच बसले तुम्ही."

तिनं शिडाजवळची कैची उचलली.

"ती शीड शिवायची कैची हाये," मी म्हणलो. "धोतराले लावू नको."

"मंग धोतराले शीड समजा."

कापलं तिनं. अब्रू झाकायले जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून अर्धं ठिगळलेलं शीड माझ्याभोवती गुंडाळलं. तेही तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याचं. तसा मी भर गावातून घरी आलो. वारं मागून होतं, लवकर पोचलो.

धोतराचा तुकडा डोंग्यावरच राह्यला. भाच्यानं खरडून पाह्यला, निघाला नाही. मग राळ घालून त्यानं वरून नवा हात फिरवला.

"डाग लागला ना, मामा?"

"डाग कुठं लागला? धोतरच गेलं. बोली डागाची होती."

हे मी पाणी चढेपर्यंत लढवलं. पाणी चढलं तेव्हा पहिला डोंगा दुसऱ्याचाच लोटला गेला. आमची पाळी आली. मी वल्हं उचललं, खांद्यातून कळ निघाली. कोणी पाह्यलं नाही असं मी धरून चाललो. वल्हं भाच्याच्या हाती दिलं आन् पुढं जाऊन बसलो. कोणी बसवलं नाही, मीच बसलो.

मागं बसणाऱ्याच्या नजरेसमोर शीड असते. म्हणजे जनमभर मी बायकोच्या लुगड्याकडं पाहत डोंगा हाकला, पलीकडचं सगळं अंदाजानं. आता समोर काहीच आडवं नव्हतं. पाणी, आन् पार तिकडं पलीकडचा काठ. मधात बुडालेल्या बाभळीचा शेंडा दिसला.

"डावीकडं घे."

"दिसते मले, मामा."

"तुले तुझ्या मामीचं लुगडं दिसते. डावीकडं घे."

घेतलं त्यानं. जरा जास्तच घेतलं, पण घेतलं.