पेवाच्या तोंडाशी

ओल्या सरकीला एक वास असतो. शिळ्या तेलासारखा, किंचित गोड, आणि त्या गोडीच्या तळाशी काहीतरी कुजलेले. अकोल्यात आमच्या घरामागे कापसाचा कारखाना निघाला, तेव्हापासून पावसाळा सरताना हा वास वाऱ्याबरोबर ओसरीवर येतो. घरातल्या सुना नाकाला पदर लावतात आणि विसरून जातात. मी मात्र जिथे असेन तिथे थांबते. हातातले काम राहून जाते, आणि माझा उजवा तळवा, पणती धरल्यासारखा, आपोआप खोलगट होतो.

माझा मुलगा वकील आहे. कचेरीला सुटी असली की त्याचे मित्र आमच्या ओसरीवर जमतात. वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाते, मग रूढी, सुधारणा, गावोगावचे पंच, म्युनिसिपालिटीतली मते, असे एकेक विषय निघतात. मी आतल्या दाराशी वाती वळत ऐकते. त्यांची भाषा शुद्ध असते आणि मनेही स्वच्छ आहेत. एकालाही मी खोटा म्हणणार नाही. परवा त्यांतला एक म्हणाला, रूढी म्हणजे मेलेल्यांनी जिवंतांच्या पायांत घातलेली बेडी. सगळ्यांनी माना डोलावल्या. मंडळी गेल्यावर मुलगा आत आला.

"आई, तू आत इतक्या जोराने सुस्कारे टाकतेस की आमचा एक ठराव धड होत नाही."

"मग दार लावून घेत जा."

"दार लावले तरी ऐकू येतील." तो हसला, आणि मग माझ्यासमोर बसला. "खरं सांग. प्रत्येक नव्या गोष्टीला तू आडवी का येतेस?"

मी पुढची वात वळायला घेतली. ज्या दिवसापासून मी अशी झाले, त्या दिवशी तो पाळण्यात होता.

माझे माहेर अमरावतीचे. रिद्धपूरहून एक महानुभाव तपस्विनी आमच्याकडे येऊन महिना महिना राहत. त्यांनी मला अक्षरे शिकवली, आणि अक्षरांपेक्षाही मोलाचा कान दिला. शब्द तोंडात घेण्याआधी हुंगून पाहावा, असे त्या म्हणत. बायकांनी शिकू नये असे मानणारी मी नव्हे, हे सुधारकांनी आधीच लक्षात घ्यावे. लग्न होऊन मी दर्यापूरकडच्या एका गावी आले. घर शेतीचे, पाटीलकीचे. काळी जमीन डोळा पोहोचेल तिथवर पसरलेली, आणि उन्हाळ्यात तिला पडलेल्या भेगांतून येणारा तो कोरडा, भाजलेला सुगंध.

त्या घरी ज्वारी पेवांत ठेवीत. गावाच्या पांढऱ्या मातीत खणलेले, वर अरुंद आणि पोटाला रुंद असे ते खड्डे. आत कडबा लावायचा, ज्वारी भरायची, तोंड मातीने लिंपून टाकायचे. पेव उघडले की आतून आंबट, ऊन वाफ येई. त्या वाफेत माणूस उतरला तर पुन्हा वर येत नाही, हे गावातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. म्हणून एक रीत होती. घरच्या सुनेने देवघरातल्या समईवरून पणती पेटवून आणायची. ती दोरीला बांधलेल्या टोपलीतून आत सोडायची, आणि सुनेने काठावर उभे राहून पाच ओव्या म्हणायच्या. पाचवी ओवी संपेपर्यंत दिवा जळत राहिला तर माणसाने उतरायचे. विझला तर पेव उघडेच ठेवायचे, लिंबाच्या डहाळ्यांनी वारा घालायचा, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दिवा.

सासूबाईंनी मला त्या पाच ओव्या दिल्या, आणि पुढच्याच वर्षी सासूबाई वारल्या. पहिली अशी होती:

दिव्या माह्या भावा, जाय पुढं पुढं,
काळोखाले पूस, कोन हाय तेथं.

आत उतरायचे काम आमच्या सालदाराचे, म्हणजे सालावर ठेवलेल्या गड्याचे. पन्नाशीला आलेला, अंगाने सडपातळ, जिभेने तिखट माणूस. घरात तो आमच्या लग्नाच्या आधीपासून होता. कमरेला दोर बांधून तो पेवाच्या काठावर पाय सोडून बसे, आणि मी ओव्या म्हणू लागले की त्याची कुरकुर सुरू होई.

"वयनी, तुमच्या ओव्या लांबत चालल्या. दिवा नाई इझत, पन मी इथं भुकेनं इझून राहिलो."

"गप बस," मामाजी, म्हणजे माझे सासरे, ओरडत. "तुयाच जिवासाठी गाते ते."

"मंग जरा बऱ्या आवाजात गाय म्हना ना, पाटील. एवढ्या रडव्या ओवीनं तं दिवाच जीव देईन."

मी पदराआड हसे, आणि उरलेल्या ओव्या मुद्दाम अधिक संथ म्हणे.

मग ती कापसाची वर्षे आली. सात समुद्रांपलीकडे कुठे लढाई लागली होती, आणि तिच्यामुळे आमच्या शिवारातल्या बोंडाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. ज्या गावात दोन घरांत आरसा होता तिथे माणसे गाड्यांनाही आरसे लावू लागली. माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, अमरावतीच्या बाजारात जाऊन येत आणि दर खेपेला काही नवे आणत: अत्तर, छत्री, काचेचा एक सुरेख कंदील. तो कंदील माजघरात खुंटीला टांगलेला असे. त्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

ज्वारीचा पेरा आधी निम्मा झाला, मग नावापुरता उरला. पेवे रिकामी पडली. त्या वर्षी भाव आणखी चढेल म्हणून भासऱ्यांनी कापूस विकला नाही. घर भरले, गोठा भरला, आणि उरलेला सरकीसकट कापूस त्यांनी मोठ्या पेवात दाबून भरला. मामाजींनी एकदा म्हटले, "पेव धान्याचं असते." भासरे म्हणाले, "धान्य हाय कुठं?" ते खरे होते. पावसाळाभर तो कापूस जमिनीखाली निजला आणि दबत दबत खाली बसला.

दसरा होऊन गेला होता. सकाळीच अमरावतीहून अडत्या घोड्यावरून आला आणि ओट्यावर बसून पान लावू लागला.

"पाटील, लढाई आता खतम होते म्हन्तात तिकडं. आज गाड्या भरल्या तं भरल्या. नाई तं हा कापूस गादीत भरा आन् त्याच्यावर निवांत निजा."

भासऱ्यांचा चेहरा मी पडद्याआडून पाहिला. घरातला आणि गोठ्यातला कापूस गाड्यांत चढला, आणि पहिल्या गाड्यांबरोबर माझे यजमान पुढे गेले. मग पेवाकडे माणसे निघाली. मी रीतीप्रमाणे देवघरात गेले, पणती पेटवली, तळव्याच्या आडोशाने तिला वाऱ्यापासून जपत पेवापाशी आले. तोंडाची माती नुकतीच फोडली होती. आणि तो वास आला. ज्वारीच्या पेवाचा आंबट वास मी जाणत होते. हा वेगळा होता, गोड होता. मी तो हुंगला, आणि माझ्या मानेवरून काटा सरकला.

भासऱ्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. भासऱ्याने धाकट्या भावाच्या बायकोशी बोलू नये आणि तिने त्याच्यासमोर तोंड उघडू नये, ही आमच्याकडची मर्यादा. ते वाऱ्याला सांगितल्यासारखे बोलले.

"तिले सांगा, कापसात इस्तो नेत नसतात. शिकलेली हाय म्हन्तात, अन् कापसाच्या तोंडी दिवा घेऊन आली."

अडत्या हसला. "वयनीबाईले औंदा होळी लवकर आली वाटते."

गाडीवान हसले. बोलणे चुकीचे नव्हते, हेच त्यातले भयंकर होते. जळती पणती कापसावर सोडली असती तर काय झाले असते, हे कुणालाही कळत होते. ज्वारीसाठी घातलेली रीत कापसाला लागू पडत नव्हती, आणि कापसासाठी रीत घालायला अजून कुणी मेले नव्हते.

मी मामाजींकडे पाहिले. त्यांच्याशी, हळू आवाजात का होईना, मला बोलता येत होते. मामाजी, आजचा दिवस थांबा, एवढे चार शब्द. त्यांनीही माझ्याकडे पाहिले. त्यांच्या नाकपुड्या हलल्या. वास त्यांनाही आला होता. मग ते पागोटे सारखे करू लागले.

"कापसाचं मले नाई समजत," ते म्हणाले. "मोठा म्हन्ते तसं करा."

मी पणतीवर फुंकर घातली. वातीचा धूर माझ्या बोटांतून वर गेला. सालदार उतरला.

दोर आधी ताठ होता, मग हलला, मग सैल पडला. कुणी हाक मारली. आतून काही आले नाही. चौघांनी ओढून त्याला वर काढले तेव्हा त्याच्या भुवयांत, मिशीत, उघड्या ओठांत कापूस होता, जणू कुणी त्याला नाजूक हाताने सजवले होते. तोंडावर पाणी मारले, कांदा फोडून नाकाशी धरला. त्याची बायको शेतातून धावत आली. ती ओरडली नाही. तिने बसून त्याच्या चेहऱ्यावरचा कापूस वेचायला सुरुवात केली, बोंडातून वेचतात तसा, एकही तंतू मागे न ठेवता.

वरचा थर काळा पडला होता. खालचा कापूस चांगला निघाला. तिसऱ्या दिवशी तो बाहेर काढला आणि विकला.

इथवर मी मुलाला कधीतरी सांगू शकले असते. तो म्हणाला असता, हे तर अज्ञान होते. आणि मी म्हणाले असते, तुझ्या ओसरीवर कुणाला त्या पेवाचे ज्ञान आहे? माझी मते त्या खड्ड्यातून वर आली आहेत. सुधारक समजतात की रूढी ही वडीलधाऱ्यांची लहर आहे. वडीलधारे समजतात की ती त्यांची मालमत्ता आहे. मला वाटते, ती त्या माणसाची असते ज्याला खाली उतरायचे आहे. ती मोडायची असेल तर आधी त्याला विचारावे. राज्य करणारे दूर असतात. विलायतेत गिरण्या थांबतात, मुंबईत भाव पडतो, आणि वऱ्हाडात एका माणसाच्या नाकातोंडात कापूस जातो. तो वास त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून लांबून आलेल्या कायद्यावर माझा विश्वास बसत नाही. आणि मतांवरही नाही. त्या सकाळी पेवाच्या तोंडाशी मते मोजली असती तर दिव्याच्या बाजूने एकही पडले नसते. माझेही नाही.

परंतु एक गोष्ट मी माझ्या पक्षाच्या हितासाठी आजवर लपवली. तिसऱ्या दिवशी पेव पुन्हा तपासले तेव्हा भासऱ्यांनी माजघरातून तो काचेचा कंदील आणवला. काचेच्या आतली ज्योत कापसाला लागत नाही. कंदील आत सोडला, आणि मामाजींनी मला ओव्या म्हणायला सांगितले. पाचही ओव्यांत ज्योत हलली नाही. तो कंदील त्या सकाळीही खुंटीला होता. जुन्या रीतीला नवी काच मिळाली असती तर तो माणूस जगला असता. आणि ते मला सुचायला हवे होते, कारण त्या घरात काळोखाशी बोलायचे काम माझे होते. सुचले असते तर मी बोलले असते का? मर्यादा माझ्या ओठांवर होती, तीही मेलेल्यांनीच घातलेली. तिने कुणाला राखले, याचा शोध मी तीस वर्षे घेते आहे. बेडी म्हणणाऱ्या त्या तरुणाला उत्तर द्यायला मी तोंड उघडते आणि इथे येऊन अडते.

मर्यादा मी अजूनही पाळते. सुनांनाही पाळायला सांगते, आणि सांगताना माझा आवाज कोरडा होतो. तरीही रीती नसलेले घर मला कल्पवत नाही. फक्त आता प्रत्येक रीतीजवळ जाताना मी आधी तिचा वास घेते.

मुलाने पुन्हा विचारले तर हे कागद त्याच्या हाती देईन. त्याला त्यांत ठराव सापडणार नाही. त्याला एवढेच सापडेल की फुंकर घातल्यावर मी मान वर केली, तेव्हा सालदार पेवात पाय सोडून, कमरेचा दोर चाचपत, माझ्याकडे पाहत होता. त्या दिवशी त्याने ओव्यांची थट्टा केली नाही. मोठ्यांनी सांगितले ते त्याने ऐकलेच होते. पण त्याचे डोळे माझ्या हातातल्या विझलेल्या पणतीवर होते, आणि इतर सगळे गाड्यांकडे वळलेले असताना, जसे एखादे मूल अंधाऱ्या खोलीच्या उंबऱ्यावरून आईला विचारते तशा आवाजात, तो मला एवढेच म्हणाला:

"दिवा?"