ओटीपी गेले सचिवाकडे

आमच्या तलावाच्या पाणीवापर संस्थेची निवडणूक त्या वर्षी मोबाइलवर घ्यायचं ठरलं. अध्यक्ष कोण होतो, त्यावर तुडुमातून, म्हणजे तलावाच्या पाणी सोडायच्या दारातून, सुटलेलं पाणी आधी कुणाच्या शेतात जाणार ते ठरतं. माझी धानाची बांधी नहराच्या अगदी टोकाला. धान निसवायच्या वेळी पाणी पोहोचलं नाही तर हाती तणीस येते, दाणा नाही.

मतदानाच्या सकाळी मी मोबाइल घेऊन बसले. ओटीपी येईना. दुपारी संस्थेत गेले, तर सचिव संगणकात बघून म्हणाला, "बाई, तुमचं मत तं सकाळीच पडलं."

अंगाची नुसती आग झाली. पण चूक आमचीही होती. टोकाकडच्या आम्हा लोकांचे नंबर टिकत नाहीत. रिचार्ज संपला की सिम बंद. म्हणून कुठलाही फॉर्म भरताना आम्ही बिनधास्त सचिवाचाच नंबर लिहीत आलो. कायम चालू असलेला तेवढा एकच. आमचे सगळ्यांचे ओटीपी त्याच्या खिशात वाजले होते.

टोकाकडचे सगळे खातेदार गोळा करून मी संस्थेच्या ओट्यावर ठाण मांडलं. अध्यक्ष आले. गेल्या दोन निवडणुका तेच.

"मशीन खोटं बोलत नाही, वहिनी."

"मशीनले कोन इचारून राहिलं? माहं मत कोनं देल्लं, ते सांगा."

"मंग आताच हात वर करा. मोजून टाकू."

त्यांचा ट्रॅक्टर आम्हा सगळ्यांनाच लागतो. त्यांच्या डोळ्यांदेखत हात कोण वर करणार? मी म्हटलं, "हात नाही. मत आमी लपवूनच देऊ. मोजाले मात्र सगळ्याइच्या समोर बसू."

तालुक्याचे साहेब येऊन ते मतदान रद्द करेपर्यंत आम्ही हललो नाही. आठ दिवसांनी पेटी आली. त्याच ओट्यावर एकेक चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवली. अध्यक्षांविरुद्ध उभा असलेला आमचा टोकाकडचा माणूस दोन मतांनी पडला.

अध्यक्ष हसत म्हणाले, "एवढा तमाशा करून भेटलं काय, वहिनी?"

"तुमी फक्त दोन मतानं आले, हे गावाले दिसलं. पाणी सोडताना ध्यानात ठेवजा."

त्या वर्षी धान निसवला तेव्हा माझ्या बांधीत घोटाभर पाणी होतं.