वाटीला चोळलेली मिरची

"बाई, मेलेल्या लेकराच्या जिभेला तिखट झोंबतं का हो?"

हा प्रश्न कसिल्डा तुन हिने मला २०१२ च्या एक नोव्हेंबरला सकाळी विचारला. आमच्या दोन अंगणांमध्ये नुसत्या दगडांवर दगड रचलेली भिंत आहे. तिच्यावर दोन्ही कोपरे टेकून ती उभी होती. युकातानमधल्या त्या गावात मी तोवर एकवीस वर्षे शिकवत होते, आणि जे पाद्र्याला विचारता येत नाही ते बाईंना विचारावे, असा गावाचा रिवाज होता.

कसिल्डा तेव्हा साठीच्या उंबरठ्यावर होती. विधवा होती, आणि तिच्या दोन्ही मुली शहरात नोकरीला होत्या. गावात तिची ओळख मात्र एकाच गोष्टीमुळे होती. बारसे असो, लग्न असो की मयतानंतरची नऊ दिवसांची प्रार्थना, चार माणसे जमली की फळांचा साल्सा कसिल्डाने करायचा, हे ठरलेले असे. नारिंग, संत्री आणि पपनस यांच्या फोडी ती पांढऱ्या पापुद्र्यातून अशा सोडवी की एकही फोड फुटत नसे. हिकामाचा रसाळ कंद ती पावट्याच्या दाण्याएवढा चिरी. वर कोथिंबीर आणि हाबानेरो मिरची. मीठ आणि आंबट नारिंगाचा रस अगदी पाने मांडताना, कारण आधी घातले की कंद पाणी सोडतो. या क्रमाला तिने कधी कुणाला हात लावू दिला नाही. तिला स्वतःविषयी दुसरा कसला अभिमान असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. या एका गोष्टीचा मात्र होता, आणि तो लहान नव्हता.

त्याच वर्षी सप्टेंबरात एका बारशाला, सारे गाव जिला आत्या म्हणे ती म्हातारी ब्रिहिदाआत्या भर पंगतीत म्हणाली होती, "कसिल्डा, गावातली मिरची संपली का गं? की हात म्हातारे झाले?"

"हात नाही आत्या, तुझी जीभ म्हातारी झाली!" कसिल्डाने तिथल्या तिथे परतवले. लोक हसले. तीही हसली. घरी येऊन मात्र तिने भांड्यातला उरलेला साल्सा चमच्याचमच्याने चाखून पाहिला, हे तिनेच मला पुढे सांगितले.

फेब्रुवारीत फेलिपा कानुलची नेइदी तापाने गेली होती. सहा वर्षांची. तिच्या बाप्तिस्म्याला तिला हातांवर धरणारी धर्ममाता कसिल्डाच. म्हणून फेलिपा आणि ती एकमेकींना कोमाद्रे म्हणत. आमच्याकडे मेलेली मुले ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी घरी जेवायला येतात, मोठी माणसे दुसऱ्या दिवशी. मुलांसाठी घरात मांडलेल्या वेदीवर मिरचीचा कणही ठेवायचा नसतो. नेइदीचे हे पहिलेच येणे होते.

"कोमाद्रे, फळांचं तूच कर," फेलिपा सांगायला आली. "पण बिनतिखट हं. एवढंसं लागलं तरी घर डोक्यावर घ्यायची, ठाऊक आहे ना?"

"मला शिकवतेस? मीच तर धरलं होतं तिला."

मुलांच्या दिवशी कसिल्डाने सगळे नेमाप्रमाणे केले. नंतर तिला आठवले, की वेदीवरचे अन्न प्रार्थनेनंतर जमलेल्यांना वाटले जाते, आणि जमणाऱ्यांत ब्रिहिदाआत्या आहे. तिने एक हाबानेरो मधोमध कापली, तुंब्याच्या मोठ्या वाटीला आतून एकदा चोळली, आणि दोन्ही अर्धुके अंगणात फेकून दिली. वाटीत काहीच दिसत नव्हते. एवढ्याशाने काय होते, असे ती मोठ्याने म्हणाली. ऐकायला घरात कोणी नव्हते.

फेलिपाच्या घरी प्रार्थना संपली. आत्मा जेवून गेला की अन्नाची चव उतरते. ती उतरली का, हे घरच्या बाईने आधी चाखून पाहायचे असते. फेलिपाने चॉकलेटचा घोट घेतला.

"पाणी झालंय नुसतं," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. पाव चाखला. "कापूस!" बायका एकमेकींकडे पाहून माना डोलावू लागल्या. मग तिने वाटीतली फोड उचलली.

ती सावकाश चावली, आणि दुसरी फोड तोंडात टाकली.

"याला चव आहे," ती अखेर म्हणाली. "जिभेला लागतंय."

"नारिंगं तेज आहेत यंदा, फेलिपा," कोणीतरी म्हणाले.

"तिचं आवडीचं हेच. आली असती तर आधी यावरच पडली असती. चॉकलेट दुसऱ्या कुणाच्या पोरांनी प्यायलं असेल." ती वेदीजवळच खाली बसली. "माझी आली नाही."

वाटी पुढे फिरली. ब्रिहिदाआत्याने घास घेतला, कसिल्डाकडे पाहिले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "यंदा हात चांगला बसलाय गं."

दुसऱ्या दिवशी भिंतीपाशी कसिल्डाने मला हे सगळे सांगितले. तिच्यापुढचा पेच साधा होता आणि त्यातून सुटका नव्हती. ती गप्प राहिली, तर आपले लेकरू आपल्याकडे फिरकले नाही असे फेलिपा जन्मभर मानणार. ती बोलली, तर धर्ममातेनेच लेकराच्या ताटात तिखट घातले, हे उघड होणार. "चुकून पडली म्हणावं का?" तिने विचारले, आणि माझ्या उत्तराआधीच मान हलवली. पुढचे सहा दिवस ती फेलिपाच्या गल्लीने गेली नाही. बाजाराला जायला चर्चला वळसा घालू लागली.

आत्म्यांना निरोप देण्याचा दिवस सात नोव्हेंबरला होता. सोबतीला चला म्हणाली, म्हणून मी गेले. फेलिपा दारात राजमा निवडत होती.

"कोमाद्रे, त्या फळांत मिरची होती," कसिल्डा उभ्यानेच म्हणाली.

"कसली मिरची?"

"हाबानेरो. चिरली नाही. वाटीला चोळली."

"चुकून?"

"नाही. ब्रिहिदाआत्या येणार होती म्हणून."

फेलिपाने सूप खाली ठेवले. "थांब. म्हणजे जिभेला लागलं ते तुझं तिखट? फळांची चव नव्हे?"

"तिखटच."

"फळांना काही गोडी होती का गं? आठवत नाही मला… नव्हती! गोडी नव्हतीच!" ती उठून परसाकडे वळून ओरडली, "नाझारिओ! अहो, पोरगी आली होती! आली होती आपल्याकडे!" परसातून तिच्या नवऱ्याने काही विचारले, ते तिला ऐकूही गेले नाही. मग ती कसिल्डाकडे वळली आणि तिचा आवाज खाली आला.

"आली. आठ महिन्यांनी आली, आणि पहिल्या घासाला तोंड पोळलं तिचं."

"हो."

"तुझ्या हातचं खाऊन."

"हो, कोमाद्रे."

"मी वेदीवर पाणी ठेवलं होतं ना?"

"पेला भरून."

"मग प्यायली असेल," फेलिपा म्हणाली, आणि पुन्हा सूप हाती घेतले. "बस आता. जेवूनच जा."

कसिल्डा बसली. पान वाढले गेले, पण तिने घास उचलला नाही. फेलिपा पुन्हा पुन्हा तेच बोलत होती, आली होती, आली होती, आणि प्रत्येक वेळी कसिल्डा मान हलवत होती. रागावली असती तर बरं झालं असतं, असे ती परतताना म्हणाली.

लग्नाबारशांना ती पूर्वीसारखीच साल्सा करीत राहिली. मुलांच्या दिवसासाठी मात्र कोणी विचारायला आले, तर हात दुखतात असे सांगे. फेलिपा दोन वर्षे विचारत राहिली, मग तिने विचारणे सोडले.

२०१५ च्या फेब्रुवारीत फेलिपाला पुन्हा मुलगी झाली. धर्ममाता म्हणून तिने कसिल्डाचे नाव दिले होते; कसिल्डाने तेव्हाही हात दुखतात असे सांगितले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत त्या जागी नाझारिओच्या बहिणीचे नाव आहे.