तुरीतली हजेरी

गव्हाणेबाई रोज सकाळी शाळेच्या फाटकापर्यंत यायच्या आणि आत न शिरता, चपला हातात घेऊन, ओढ्यापलीकडच्या तुरीकडे चालू लागायच्या. मी नवीन रुजू झालेला. मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलंय.

डोकं फिरलं होतं ते मोबाईलचं. शिक्षकांची हजेरी त्या वर्षी ॲपवर आली. आमची दोन शिक्षकांची शाळा गावाच्या टोकाला आहे, हे जवळच्या ताडकळसच्या अख्ख्या बाजाराला ठाऊक. पण नकाशा भरणाऱ्या कुणा महाभागाने ती तुरीच्या रानात नेऊन ठेवली. शाळेत उभं राहून बटण दाबलं की ॲप सांगे, तुम्ही शाळेबाहेर आहात. सगळ्या नोकरीत एक खाडा न केलेल्या बाई निवृत्तीच्या तोंडावर गैरहजर ठरल्या. वर नोटीस आली.

त्या दिवशी बाई वर्गात रडल्या म्हणे. दुसऱ्या दिवसापासून तुरीत जाऊ लागल्या, रुजू झाल्यावर मागोमाग मीही. पोरं फाटकात ताटकळत. परत येऊन बाई पायांचा चिखल धुवायच्या आणि त्याच मोबाईलवर पहिलीच्या लेकरांना कवितेचा व्हिडिओ लावून द्यायच्या. मी शिव्या घातल्या की म्हणायच्या, "त्याच्यावर काय चिडायलाव सर? त्याची अक्कल तेवडीच हाय."

दुरुस्तीचे अर्ज आम्ही किती केले! वरच्यांना अर्ज वाचायचा नसतो, पडद्यावरची चौकट हिरवी झाली की त्यांचं शिक्षण संपतं. या जमातीबद्दल मला काडीचा आदर नाही.

एकदा साहेब तपासणीला येणार असं कळलं. बाईंनी सगळी पोरं, फळ्यासकट, तुरीच्या बांधावर नेऊन बसवली. साहेबही मोबाईलच्या भरवशावर थेट तिथेच आले, काळ्या मातीत बूट रुतवत.

"शाळा कुठंय?"

"हीच की सायेब. तुमचा मोबाईल इथं म्हनायलाय, म्हनून आमी इथं बसलाव. शाळा तिकडं गावात हाय म्हनलं तर आमालाच खोटं ठरवायलाव."

त्यांना लाज वाटेल अशी माझी भाबडी आशा. त्यांनी फोटो काढला. आठवड्याभरात 'शिवारातली शाळा' या नावीन्यपूर्ण उपक्रमाबद्दल बाईंच्या कौतुकाचा संदेश आला. नोटीस मात्र रद्द झाली नाही. बाई तो डाग घेऊनच निवृत्त झाल्या.

निरोपाला मी तो संदेश वाचायला उठलो, तर बाईंनी हात वर केला. "ऱ्हाऊ द्या सर. त्यायची बी अक्कल तेवडीच हाय." मग निघताना म्हणाल्या, "उद्यापासून जरा लवकर निघा. लेकरं फाटकात उभी ऱ्हातेत."

मी लवकर निघतो. तूर निघाली, आता सोयाबीन आहे. शाळा अजून त्याच रानात आहे.